चाक कशाने धरलेले असते?

(फोंडा येथील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप.)

अध्यक्ष महोदय, आणि एवढ्या पावसातही आवर्जून आलेल्या श्रोतेहो,

मोटारीच्या चाकाचे मुख्य भाग एका दमात सांगता येतात. मध्यभागी फिरणारा हब, हबाच्या पोटातले, त्याला सहज फिरू देणारे बेअरिंग, हबातून बाहेर आलेले स्टड म्हणजे आटे पाडलेले दांडे आणि त्यांवर बसणारे नट, रिम आणि तिच्या मधली तबकडी, टायर, आणि हवा भरण्याचा व्हॉल्व्ह. एवढी नावे पाठ झाली म्हणून चाक समजत नाही. यांतला कोणताही भाग एकट्याच्या बळावर गाडीचे वजन पेलत नाही. प्रत्येक भाग शेजारच्या भागावर घट्ट दाबला गेलेला असतो, आणि त्या दाबातूनच भार हबापासून रस्त्यापर्यंत पोहोचतो. चाकाची पुष्कळशी दुखणी हा दाब कुठेतरी ढिला पडल्यापासून सुरू होतात, असे माझे ठाम मत आहे, आणि आज मला मुख्यतः तेच दाखवायचे आहे.

जुन्या पिढीतल्या श्रोत्यांनी बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिले असेल. लाकडी घेरापेक्षा किंचित लहान ठेवलेली लोखंडी धाव जाळावर तापवून फुगवायची, ती घेरावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचे. धाव आकसली की सगळे आरे एकीकडे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी गड्ड्यात, आणि दुसरीकडे घेरात घट्ट दाबले जातात. त्या चाकाचा जीव त्या आवळण्यात असे. धाव सैल झाली की आरे खडखडू लागत. मोटारीच्या चाकात लाकूड राहिले नाही, पण आवळण्याचे तत्त्व जसेच्या तसे टिकून आहे.

आता टेबलावरच्या या हबाकडे पाहा. हा एका लहान गाडीचा हब आहे आणि त्याला चार स्टड आहेत. गाडीचे वजन या चार स्टडांवर टांगलेले असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती चुकीची आहे. रिमच्या तबकडीतले भोक स्टडपेक्षा मोठे असते, हे तुम्हाला इथे उजेडात धरून दाखवतो. स्टडच्या भोवती सगळीकडे फट दिसते. नट आवळला की स्टड अगदी थोडा ताणला जातो, तो पुन्हा आखडू पाहतो, आणि त्या ओढीने चाकाची तबकडी हबाच्या सपाट तोंडावर दाबून धरली जाते. भार जातो तो या दोन तोंडांमधल्या घर्षणातून. 12 मिलिमीटर जाडीचा स्टड आणि 100 न्यूटन-मीटरची आवळणी धरली, तर कोरड्या आट्यांवर एका नटामागे सुमारे 4 टनांचा दाब तयार होतो, म्हणजे चार नटांचा मिळून 16 टनांचा. घर्षणाने त्याचा जेमतेम सातवा हिस्सा उपयोगी पडतो असे मानले, तरी 2 टनांहून अधिक भार चाक तसूभरही न सरकता पेलते. लहान गाडीच्या एका चाकावर, गाडी उभी असताना, 250 ते 300 किलो वजन येते. वरची सगळी शिल्लक खड्डे, ब्रेक आणि वळणे यांच्यासाठी राखलेली असते.

100 न्यूटन-मीटर म्हणजे 25 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे 40 किलोंचा जोर. आपल्या गाडीसाठी नेमका आकडा किती, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि ते पान प्रत्येक मालकाने एकदा तरी उघडून पाहावे. पान्याला लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा जोर नटाच्या बुडाशी आणि आणखी बराच आट्यांमध्ये घर्षणात खर्च होतो. प्रत्यक्ष दाब तयार करायला जवळजवळ दहावा हिस्साच उरतो. म्हणून ‘नट पुढच्या वेळी सहज सुटावा’ या सद्हेतूने आट्यांना ग्रीस किंवा तेल लावले, तर घर्षण घटते, तेवढ्याच जोरात स्टड ठरल्यापेक्षा फार अधिक ताणला जातो आणि त्याचे आयुष्य संपते. उत्पादकाने स्पष्ट सांगितले नसेल तर आटे स्वच्छ आणि कोरडेच ठेवावेत.

आता गोव्याच्या हवेकडे वळतो, कारण इथे हा विषय पुस्तकातल्यापेक्षा अधिक बिकट होतो. बार्देश, तिसवाडी आणि सासष्टीच्या किनारपट्टीवर हवेत मीठ असते, चार महिने पाऊस असतो आणि रस्त्यावर जांभ्याची लाल माती असते. या हबाच्या तोंडावर गंजाचा हा पापुद्रा पाहा. नखाने तो सुटतो. पापुद्र्यासकट चाक चढवून नट आवळले, तर त्या क्षणी आवळणी पुरेशी भासते, पण चार-दोन खड्डे पार होताच पापुद्रा चुरडतो, तबकडी केसभर मागे बसते आणि स्टडचा ताण निघून जातो. नट फिरलेला नसतो, तरी दाब गेलेला असतो. चाक मग सूक्ष्मपणे सरकू लागते आणि त्या सरकण्याने नट खरोखरच उलटा फिरू लागतो. अलॉय व्हील, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम, असेल तर खारट ओलाव्यात ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्या स्पर्शाने पांढरी भुकटी धरते आणि चाक हबाला असे चिकटते, की सगळे नट काढल्यावरही ते हलत नाही. दोन्हींवर उपाय एकच आहे: चाक काढलेच आहे तर तारेच्या ब्रशने हबाचे तोंड आणि रिमची मागची बाजू घासून काढावी, आणि मगच चाक चढवावे. हे काम दोन मिनिटांचे असूनही क्वचितच कोणी करते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नट आवळताना शेजारचा नट न धरता समोरचा धरावा, म्हणजे तबकडी तिरकी बसत नाही. नट फिरवणाऱ्या यांत्रिक गनने कर्रकन आवळून मोकळे होण्याची पद्धत सर्वत्र रुळली आहे. तिने एक नट जास्त आणि दुसरा कमी आवळला जातो, म्हणून शेवटची आवळणी टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, व्हावी, असा आग्रह ग्राहकाने धरला पाहिजे. नटाचे बूड शंकूच्या आकाराचे असते की गोलाकार, हेही पाहावे. रिमच्या भोकातली खाच ज्या आकाराची, त्याच आकाराचा नट हवा. चाक काढून पुन्हा बसवले असेल तर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट एकदा तपासावेत.

रिमविषयी थोडक्यात बोलतो. 5.5जे गुणिले 14 असे रिमवर लिहिलेले असते, त्यात 5.5 इंच ही आतली रुंदी, जे हा कडेचा आकार आणि 14 इंच हा टायर बसतो त्या जागेचा व्यास. रिमच्या मध्यभागी खोलगट पन्हळ असते, तिच्याशिवाय टायर चढवताच येणार नाही, कारण टायरच्या कडेत पोलादी तारांचे न ताणणारे कडे असते आणि रिमची बाहेरची कड त्याहून मोठी असते. टायरची एक बाजू पन्हळीत उतरवली की दुसरी बाजू कडेवरून सरकते. स्टडची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यासही ठरलेला असतो. पाच नटांच्या गाड्यांत 112 आणि 114.3 मिलिमीटर अशी दोन अगदी जवळची मापे आढळतात, आणि त्यांतला सव्वादोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. चुकीची रिम रेटून चढवता येते, पण तिचे नट शंकूत नीट टेकत नाहीत. शोभेसाठी बाहेर निघालेली रुंद अलॉय बसवणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे, की रिमचा मध्य हबापासून बाहेर सरकला की तेच वजन लांब दांड्याने बेअरिंगला पिळू लागते.

आता टायर. 1888 मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर व्यवहारात आणला आणि 1946 मध्ये मिशेलिन कंपनीने रेडियल टायरचे, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे नेलेल्या टायरचे, पेटंट घेतले; आज आपल्या मोटारींना हेच रेडियल टायर असतात. भार पेलते ती मुख्यतः हवा. 33 पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.3 किलो दाब. 300 किलो भार पेलायला तेवढ्या दाबाने सुमारे 130 चौरस सेंटिमीटर जागा लागते, म्हणजे जेमतेम तळहाताएवढी. चोर्ला घाटाच्या वळणावर पावसात गाडीची चार माणसे अशा चार तळहातांवर विसंबलेली असतात. हीच हवा टायरच्या कडेला आतून बाहेर ढकलून रिमच्या कडेवर दाबून ठेवते, आणि ट्यूबलेस टायरमध्ये हवा कोंडून ठेवणारा सांधा तोच असतो. हवा उतरली की वजन पेलण्याची ताकद घटते, आणि त्याबरोबर कडेची पकडही सुटू लागते. वाळूत हवा कमी करून चालवलेल्या गाडीचा टायर वळताना रिमवरून उतरतो आणि सांध्यात वाळू जाते, ते याच कारणाने. किनाऱ्यावर गाडी नेण्यास गोव्यात बंदी आहेच.

टायरच्या बाजूवर 185/65 आर15 88एच असे लिहिलेले असते. रुंदी 185 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के, आर म्हणजे रेडियल, 15 इंची रिम, 88 म्हणजे एका टायरला 560 किलोपर्यंत भार आणि एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरची वेगमर्यादा. याखेरीज लंबगोल चौकटीतले चार आकडे शोधावेत: 2319 असेल तर टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात तयार झाला. आपल्याकडे घरातला माणूस आखातात किंवा जहाजावर असतो, आणि त्याची गाडी वर्षातले दहा महिने पोर्चमध्ये उभी असते. अशा गाडीच्या टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर मात्र उभ्या उभ्या कडक होते आणि बाजूवर बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावेत, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी ते काढून टाकावेत, अशी अनेक उत्पादकांची शिफारस आहे. नक्षीच्या खोबणीत मधे मधे 1.6 मिलिमीटर उंचीचे उंचवटे असतात. झीज त्यांच्यापर्यंत आली की टायर संपला. खोबणीचे काम पाणी बाजूला सारण्याचे आहे, म्हणून आपल्या पावसाळ्यात त्या मर्यादेपर्यंत थांबूही नये, असे मी म्हणेन.

व्हॉल्व्हची किंमत क्षुल्लक असते. त्याचा रबरी दांडा टायरबरोबरच म्हातारा होतो, म्हणून नव्या टायरबरोबर नवा व्हॉल्व्ह घ्यावा. वरचे टोपण हरवले तर आतल्या पिनेत धूळ जाऊन हवा झिरपते. पावसाळ्यात ताशी 80 किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले, तर बॅलन्सिंग करायला धावण्यापूर्वी रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला लाल चिखल धुऊन काढावा. अनेकदा थरथर तेवढ्याने थांबते.

राहिले बेअरिंग. त्यातल्या पोलादी गोळ्यांच्या दोन रांगा ठरावीक दाबाने बसवलेल्या असतात, आणि आतले ग्रीस कडेच्या सिलांनी, म्हणजे फट बंद करणाऱ्या रबरी कड्यांनी, राखलेले असते. फेरीबोटीच्या धक्क्यावर किंवा भरतीच्या वेळी खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीच्या, कडेच्या रस्त्यावर, तापलेला हब एकदम खाऱ्या पाण्यात बुडला, तर आतली हवा आकसून सिलावरून पाणी आत ओढते. ग्रीस बिघडते, गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि वेगाबरोबर वाढणारी घुमघुम ऐकू येऊ लागते. टायरचा आवाज आणि बेअरिंगचा आवाज वेगळा ओळखायचा असेल, तर मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात गाडी हलकेच उजवीकडे वळवावी. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो, म्हणून त्या वेळी घुमघुम वाढली तर दोष बहुधा डाव्या बेअरिंगमध्ये असतो, आणि डावीकडे वळताना वाढली तर उजव्या. वर्कशॉपमध्ये गाडी देताना मेकॅनिकला एवढे सांगितले तरी त्याची शोधाशोध वाचते, आणि चांगले बेअरिंग बदलले जाण्याचा धोका टळतो.