रिकाम्या चौकटी

रॉकेलमधून नुकताच बाहेर काढलेला हा सोडिअमचा तुकडा. सुरी लावली की लोण्यासारखा कापला जातो. कापलेली बाजू चकचकीत दिसतेय ना? थोडं थांबा. पाहता पाहता तिच्यावर काळपट झाक चढते. हवा लागली की हा धातू स्वस्थ बसत नाही.

आता पाण्याची तीन भांडी. पहिल्यात लिथिअम. तरंगतं, बेतानं फसफसतं. दुसऱ्यात सोडिअम. पाण्याला लागताच वितळून त्याची गोळी झाली आणि ती सैरावैरा धावत सुटली. तिसऱ्यात पोटॅशिअम... पेटलंच! ही फिकट जांभळी ज्योत त्याची ओळख. तिन्ही भांड्यांत हायड्रोजन सुटला, तिन्हींतलं पाणी अल्कधर्मी झालं. स्वभाव एकच, जोर मात्र चढता. म्हणून तर मूलद्रव्यांच्या तक्त्यात, म्हणजे आवर्तसारणीत, हे तिघे एकाखाली एक, एकाच गणात (उभ्या स्तंभात) आहेत.

ही सारणी घोकण्यासाठी नाहीच. ती अशी, भांड्यांपाशी उभं राहून वाचायची.

१८६९ साली रशियात दिमित्री मेंडेलीव्ह यांनी ती मांडली, तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. अणूच्या पोटात काय आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हाताशी होती अणुवस्तुमानं आणि गुणधर्म: ऑक्सिजनशी जुळून होणाऱ्या ऑक्साइडचं सूत्र काय, हायड्रोजनशी होणाऱ्या हायड्राइडचं काय. त्यांनी वस्तुमानाच्या चढत्या क्रमानं मूलद्रव्यं लावत नेली. पण जिथे क्रम आणि गुणधर्म यांचं पटेना, तिथे ते गुणधर्मांच्या बाजूनं उभे राहिले. टेल्युरिअमचं वस्तुमान आयोडीनपेक्षा जास्त, तरी त्याला आधी बसवलं. कारण आयोडीनची जागा क्लोरीन-ब्रोमीनच्या सोबतीला, दुसरीकडे कुठेच नाही.

आणि जुळणारं मूलद्रव्यच नसेल, तर चौकट रिकामी. ॲल्युमिनिअमखालच्या रिकाम्या जागेबद्दल त्यांनी १८७१ मध्ये लिहून ठेवलं: अणुवस्तुमान ६८ च्या आसपास, घनता ५.९, सहज वितळणारा धातू. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ यांना गॅलिअम सापडलं. त्यांनी मोजलेली घनता भरली ४.७. मेंडेलीव्ह यांनी सुचवलं, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. मोजली, तर ५.९! धातू डोळ्यांनी न पाहिलेल्या माणसाचा आकडा खरा ठरला. आणि सहज वितळणारा म्हणजे किती, तर हे तळहातावर पाहा. जेमतेम ३० अंश सेल्सिअसला गॅलिअम पाघळतं.

पुढे १९१३ मध्ये हेन्री मोस्ली यांनी क्ष-किरणांच्या आधारे दाखवलं की खरा क्रम अणुअंकाचा, म्हणजे अणुकेंद्रातल्या प्रोटॉनांच्या संख्येचा. टेल्युरिअम ५२, आयोडीन ५३. आज सारणीत ११८ मूलद्रव्यं आहेत आणि सातव्या आवर्तापर्यंत (आडव्या ओळीपर्यंत) एकही चौकट रिकामी नाही.