कर्ज, हप्ते आणि नहेम्याचा पाचवा अध्याय

जय ख्रिस्त मंडळी. आजचा विषय कर्ज. नीतिसूत्रे २२:७ आपल्याला पाठच आहे, ऋणको हा धनकोचा दास होतो, आणि कर्जावर उपदेश म्हटला की हेच वचन निघतं, मग ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो बिचारा मान खाली घालून बसतो. वचन खरंच आहे. पण आज मला बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा ५ वा अध्याय वाचायचाय, तो आपण फार कमी वाचतो.

इसवी सनापूर्वी ४४५ च्या सुमाराची गोष्ट, यरुशलेमच्या तटाचं काम चालूय आणि मधेच लोक बायकांसकट ओरडत येतात. कोणी म्हणतं दुष्काळात धान्य घ्यायला शेत, द्राक्षमळा, घर सगळं गहाण टाकलंय, कोणी म्हणतं राजाचा कर भरायला उसने काढले, आणि आता पोरंपोरी दुसऱ्याच्या घरी दास व्हायला लागलीत, सोडवायचं कसं, शेतंच आमची राहिली नाहीत. आता तिथला अधिपती नहेम्या कोणावर चिडतो बघा. कर्ज काढणाऱ्यांना तो एक शब्द बोलत नाही! सरदारांना, अधिकाऱ्यांना सभेत उभं करतो, म्हणतो आपल्याच भावांकडून व्याज घेता, शेतं द्या, घरं द्या, आणि शेकडा एक घेताय तेही परत करा. बरेच अभ्यासक हा दर महिन्याचा धरतात. आज क्रेडिट कार्डाचं बिल थकलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं, म्हणजे वर्षाचे बेचाळीस झाले, आणि आपण मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरली म्हणून निवांत असतो.

तर पाऊस गेला, हॉस्पिटलचं बिल आलं, नोकरी सुटली म्हणून कर्ज झालं, त्या माणसाला पापी ठरवू नका हो. उलट आपण स्वतःला विचारायचं की तो सावकाराच्या दारात गेला, मंडळीकडे का नाही आला? अनुवादाच्या पुस्तकात १५ व्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्जमाफी सांगितलीय आणि लगेच ताकीद पण आहे, की माफीचं वर्ष जवळ आलं म्हणून गरीब भावाला द्यायला हात आखडू नकोस. देवाला माणसाचा स्वभाव माहितीये.

पण लग्नाचा हॉल, नाताळची खरेदी, नवा फोन, चार लोक काय म्हणतील म्हणून काढलेलं लोन, ते वेगळं. त्याला लूक १४:२८ लागू होतं, बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशोब कर. आणि इथे मी पंच आणि जुन्या घराण्यांना हात जोडून सांगतो, नहेम्या १२ वर्षं अधिपती होता पण त्या पदाचा भत्ता त्याने घेतला नाही, का, तर लोकांवर आधीच भार जड होता. त्याच्या मेजावर १५० माणसं जेवायची तरी नाही घेतला. तुमच्या घरचं लग्न साधं झालं ना, की मागच्या बाकावरच्या बापाला पण साधं लग्न करायची हिंमत होते, नाहीतर तो पतसंस्थेत जाणारच.

ज्यांचं कर्ज आत्ता चालू आहे त्यांनी २ राजे ४ वाचा. विधवेच्या दोन मुलांना सावकार न्यायला आलाय, घरात फक्त कुपीभर तेल, ते देवाने वाढवलं, मग संदेष्टा अलीशा काय सांगतो, जा, तेल विक, आधी देणं फेड आणि उरेल त्यात तू आणि मुलं जगा. म्हणून आज रात्री नवराबायकोने एकत्र बसून सगळी देणी कागदावर लिहा, लपवलेली पण, पुढे व्याज लिहा, हप्ते सगळ्यांचे चालू ठेवा पण हातात जास्तीचं जे येईल ते सगळ्यात जास्त व्याजाच्या देण्यात घाला. आणि आकडा बघून घाबरायला झालं तर सभा संपल्यावर पाळकांना भेटा, ते थांबणार आहेत, मी पण आहे.