शून्य गाड्यांची संध्याकाळ
(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘रस्त्यावरच्या सेन्सरचा डेटा सॉफ्टवेअरने कसा काढावा’. त्याकडे येतोच. त्याआधी एका आलेखाबद्दल बोलू द्या, कारण तो काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

घोडबंदर रोडवरच्या एका चौकात पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ वाढवा, अशी आसपासच्या सोसायट्यांची मागणी होती. आता घोडबंदर रोडचं वर्णन मी तुमच्यापुढे काय करणार! न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे निघालेला कंटेनर, मेट्रोच्या बॅरिकेडमधून वाट काढणारी रिक्षा आणि शाळेची बस, सगळ्यांना तोच एक रस्ता. तर बैठकीत अहवाल आला. खांबावर कॅमेरा लावून आठवडाभर वाहनं मोजली होती. (कंटेनरच्या आड गेलेल्या दुचाक्या कॅमेऱ्याला दिसत नाहीत, हा वेगळाच विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.) आलेखात दुपारी बाराला डोंगर आणि संध्याकाळी साडेसातला खड्डा. खाली निष्कर्ष: संध्याकाळी वाहनांचा भार कमी, सबब वेळ वाढवण्याची आवश्यकता नाही.

मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, “साहेब, साडेसातला मी रस्ता ओलांडते तो उभ्या गाड्यांच्या फटीतून. भार कमी कसा?”

आजींचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. मोजणी यंत्र रेघ ओलांडणाऱ्या गाड्या मोजतं. रस्ता रिकामा असला की आकडा कमी येतो. रस्ता तुंबला तरी कमीच येतो, कारण गाड्या हलतच नाहीत. प्रवाह (ठरावीक वेळात किती गाड्या गेल्या) म्हणजे घनता (रस्त्याच्या एका किलोमीटरवर किती गाड्या आहेत) गुणिले वेग. वेग शून्याकडे गेला की गुणाकारही तिकडेच जातो. वेग आणि घनता यांचं नातं अमेरिकेतले वाहतूक अभियंते ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी १९३५ सालीच मांडून ठेवलंय. म्हणून गाड्यांच्या संख्येशेजारी ‘ऑक्युपन्सी’ लागते, म्हणजे यंत्राच्या टप्प्यात एकूण वेळेच्या किती टक्के वेळ गाडी होती तो आकडा. गाड्यांची संख्या कमी आणि ऑक्युपन्सी जास्त, म्हणजे कोंडी. अहवालात हा रकानाच नव्हता.

मी मूळ नोंदी मागितल्या. हातात आली पीडीएफ, तीही कागदावर छापून पुन्हा तिरकी स्कॅन केलेली! संगणकात जन्मलेला डेटा कागदावर आणायचा आणि नागरिकाला तो परत संगणकात ओतायला लावायचा, याचा मला मनापासून राग येतो. अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने ८ चे ३ केले, १ चे ७ केले. प्रत्येक पानाची बेरीज तळाच्या बेरजेशी ताडत बसलो. आणि मंगळवारच्या पानावर ते सापडलं. संध्याकाळी सहा ते नऊ, पंधरा-पंधरा मिनिटांच्या बारा ओळी, बाराही ओळींत शून्य. घोडबंदर रोडवर, कामाच्या दिवशी, संध्याकाळी तीन तास एकही वाहन नाही! (हशा) हसू येणारच. पण हीच शून्यं आठवड्याच्या सरासरीत धरली होती. त्या संध्याकाळी तिथे वीज गेली होती, हे बैठकीतल्या निम्म्या लोकांना आठवत होतं. कॅमेरा बंद होता आणि कुठल्यातरी सॉफ्टवेअरने मोकळ्या घरांत शून्य भरलं.

मोजलं आणि शून्य आलं ही एक गोष्ट, मोजलंच नाही ही दुसरी. शाळा बंद असते त्या दिवशी हजेरीपटात सगळ्या मुलांची गैरहजेरी कोणी लावत नाही.

कॅलिफोर्नियात महामार्गांसाठी ‘पेम्स’ नावाची यंत्रणा आहे. तिथे डांबरात पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांकडून दर ३० सेकंदांनी नोंद येते आणि तिची पाच मिनिटांची गोळाबेरीज होते. यंत्रणा रोज एकेका डिटेक्टरला तपासते: शून्यं फार येतायत का, तोच आकडा पुन:पुन्हा येतोय का, गाडी एकही मोजली नाही पण ऑक्युपन्सी दिसतेय का. गाळलेली जागा अंदाजाने भरली, तर प्रत्यक्ष मोजलेला भाग किती टक्के, तेही शेजारी लिहिलेलं असतं. किती साधी गोष्ट आहे ही!

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ठीक आहे, आता भराभर.

सेन्सरचा डेटा काढायला शिकायचं असेल तर इंग्लंडच्या महामार्गांचं ‘वेबट्रिस’ हे संकेतस्थळ घ्या. खातं उघडावं लागत नाही. ठिकाणाचा क्रमांक आणि तारखा द्या, १५ मिनिटांच्या नोंदी मिळतात. उत्तर पानापानांनी येतं, पहिल्याच पानावर थांबलात तर महिना अर्धवट राहील. म्हणून एकूण ओळी किती, हे आधी वाचा आणि शेवटी जुळवा. तिथे मार्चमध्ये एक दिवस २३ तासांचा असतो आणि ऑक्टोबरमध्ये एक २५ तासांचा. आपल्याकडे घड्याळं बदलत नाहीत, पण यंत्र जागतिक वेळेवर (यूटीसी) लावलेलं असेल तर सकाळी नऊची गर्दी पहाटे साडेतीनला दिसते.

पायथॉन या संगणकभाषेतलं ‘पांडास’ हे तक्ते हाताळायचं साधन वापरणाऱ्यांनी हे लिहूनच घ्या. मोकळं घर ते मोकळंच वाचतं, पण सगळी घरं मोकळी असतील तर त्यांची बेरीज शून्य देतं. म्हणजे आमचा मंगळवार तुमच्या लॅपटॉपवरही घडू शकतो. बेरजेच्या आज्ञेत ‘मिन काउंट’ हा पर्याय आहे. तासाच्या चार नोंदी हव्यात तर तिथे ४ लिहा. एकही नोंद कमी पडली की उत्तर मोकळं येईल. मूळ फाइलला हात लावू नका, दुरुस्त्या वेगळ्या फाइलीत करा.



शेवटचं, अर्जाचं. माहिती संगणकात साठवलेली असेल तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवणं हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या व्याख्येतच बसतं. तेव्हा अर्जात नुसतं ‘वाहतूक सर्वेक्षण अहवाल’ असं लिहू नका. ‘१५ मिनिटांच्या मूळ नोंदी, सीएसव्ही फाइलमध्ये, ऑक्युपन्सीच्या रकान्यासह, आणि यंत्र बंद असल्याच्या वेळांची यादी’ असं लिहा. (सीएसव्ही म्हणजे संगणकाला थेट वाचता येणारा, साध्या मजकुरातला तक्ता.) मसुद्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्यात, चौकाचं नाव तेवढं तुमचं घाला.