बारा फुटांची झोपडी

श्रोतेहो, नमस्कार. समुद्राकाठी आपलं छोटंसं घर असावं, असं कितीतरी जणांच्या मनात असतं. पण छोटं म्हणजे किती? त्यावर मी नेहमी एक गोष्ट सांगते.

चंदीगडची आखणी करणारे वास्तुकार ल कार्बुझिए 30 डिसेंबर 1951 रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एका खाणावळीत बसले होते. टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून त्यांनी पत्नीच्या वाढदिवसासाठी एक झोपडी रेखाटली. पाऊण तासात आराखडा तयार! बारा फूट लांब, बारा फूट रुंद. पुन्हा सांगते, बारा बाय बारा. उंची साडेसात फूटसुद्धा नाही. आत पलंग, टेबल, कपाट, बेसिन, पडद्याआड संडास. स्वयंपाकघर नाहीच, कारण एक दार थेट त्या खाणावळीत उघडायचं. लाकडी भाग कॉर्सिका बेटावर सुतारानं बनवले आणि जागेवर आणून जोडले. खिडकीच्या झडपांना आतून आरसे, झडप जरा फिरवली की समुद्र खोलीत! जगभर मोठमोठ्या इमारती उभारणारा हा माणूस 1965 पर्यंत उन्हाळ्यात इथेच राहायला यायचा. त्याच समुद्रात पोहताना ते गेले. 2016 पासून ती झोपडी जागतिक वारसा आहे.

हाताशी कागद-पेन्सिल होती, म्हणून हे झालं. हल्ली पेन्सिल कुणी हातात धरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. हातानं रेघ ओढली की माप अंगात भिनतं.

असो. समुद्राकाठी खरा शत्रू खारा वारा. साधा स्क्रू बघता बघता गंजतो, त्याच्या डोक्याखालून तांबूस ओघळ फळीवर उतरतो आणि भोवतीचं लाकूड काळं पडतं. म्हणून स्क्रू, बिजागऱ्या, कड्या 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. लक्षात ठेवा, 316. घर खांबांवर उचला, म्हणजे वाळू आणि पाणी खालून जातं. वाळू धरून ठेवणाऱ्या वेली उपटू नका. समोरासमोर खिडक्या आणि पुढे आलेलं छप्पर असलं, की एसी फारसा लागत नाही. काचेच्या अख्ख्या भिंती मला मुळीच पटत नाहीत, खोली भट्टीसारखी तापते.

आणि कंत्राटदाराला बोलावण्याआधी अंगणात किंवा गच्चीवर खडूनं बारा बाय बाराचा चौकोन आखा. आत खाट टाका, टेबल ठेवा आणि एक संध्याकाळ तिथे वावरून बघा. नमस्कार.