झाकण, चिंच आणि सोडा

श्रोतेहो, नमस्कार.

घरकाम हलके आणि स्वस्त करणाऱ्या युक्त्यांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. पूर्वी त्या आजीकडून, सासूकडून, शेजारच्या काकूंकडून कळत. आता त्या रोज सकाळी मोबाइलवर येऊन पडतात. मात्र या प्रवासात युक्ती तेवढी पोहोचते आणि तिचे कारण मागे राहून जाते. कारण ठाऊक नसले, की पितळेच्या समईला लखलखीत करणारी चिंच कोणी ओट्यावर घासतो आणि ओटा कायमचा डागाळतो. म्हणून आज मी थोड्याच युक्त्या सांगणार आहे, पण त्यांच्या कारणांसकट.

सुरुवात गॅसपासून करू, कारण स्वयंपाकघरातला पैसा सर्वांत सहज तिथेच वाचतो. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्याच पाण्याची संपूर्ण वाफ करायला लागते. याचा अर्थ असा, की उघड्या पातेल्यातून वाफेचे लोट निघत असतात तेव्हा आपला गॅस अन्न शिजवण्यापेक्षा स्वयंपाकघराची हवा दमट करण्यात अधिक खर्च होत असतो. पाण्याला एकदा उकळी फुटली, की खालची आच कितीही वाढवली तरी पाण्याचे तापमान वाढत नाही, फक्त वाफ वाढते. तेव्हा उकळी येईपर्यंत आच मोठी ठेवावी, झाकण घालावे आणि उकळी आल्यावर आच अगदी मंद करावी. भात, वरण, भाजी तेवढ्याच वेळात शिजते.

आपल्या घरांत कोबीची किंवा फरसबीची भाजी परतून झाली, की कढईवर ताटली ठेवून त्या ताटलीत पाणी ओतण्याची पद्धत आहे. तिच्यात मोठी समजूत आहे. वरच्या पाण्यामुळे ताटली थंड राहते, आतली वाफ ताटलीच्या तळाला लागून पुन्हा पाणी होते आणि थेंबाथेंबाने भाजीत पडते, त्यामुळे भाजी खाली लागत नाही आणि वरून गार पाणी घालावे लागत नाही. पुढे कधी पाणी घालायची वेळ आलीच, तर ताटलीत ते आयते कोमट झालेले असते. एवढी साधी आणि एवढी पुरती विचार केलेली युक्ती दुसरी सांगायला मला तरी सुचत नाही.

प्रेशर कुकरच्या बाबतीत मात्र आपण एक उधळी सवय लावून घेतली आहे, ती म्हणजे शिट्ट्या मोजण्याची. कुकरमध्ये वाफ कोंडली गेल्यामुळे दाब वाढतो आणि आतले पाणी सुमारे 120 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. अन्न लवकर शिजते ते या तापमानामुळे. शिट्टी होते तेव्हा जादा वाफ बाहेर टाकली जात असते, म्हणजे आपण दिलेली उष्णता वाया जात असते. पहिली शिट्टी झाली, की आच बारीक करून घड्याळाकडे पाहावे. डाळीला किती मिनिटे आणि हरभऱ्याला किती, हा हिशेब आपल्या कुकरवर दोन-चार वेळा करून पाहिला, की तो कायमचा बसतो. डोंगरावर राहणाऱ्यांना कुकरचे महत्त्व अधिक, कारण महाबळेश्वरला पाणी साधारण 95 ते 96 अंशांवरच उकळते आणि उघड्या पातेल्यातली डाळ तिथे शिजता शिजत नाही.

डाळ शिजण्याचा आणखी एक मुद्दा आंबटाशी जोडलेला आहे. आमटीत चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळ शिजल्यानंतरच घालतात, आधी नाही, कारण आंबटामुळे डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारे घटक मऊ व्हायला वेळ लागतो. विंधन विहिरीच्या जड पाण्यातला कॅल्शियमही हाच अडथळा आणतो. अशा वेळी काही जण डाळीत चिमूटभर खायचा सोडा टाकतात. डाळ त्याने लवकर शिजते हे खरे, पण तिच्यातले ब-1 जीवनसत्त्व सोड्यामुळे नष्ट होते, तेव्हा हा उपाय रोजचा करू नये. तूरडाळ अर्धा तास आणि कडधान्ये रात्रभर भिजवणे हा उपाय बिनखर्चाचाही आहे आणि बिनतोट्याचाही.

उष्णता कोंडून ठेवण्याची एक जुनी रीत पुन्हा वापरात यावी असे मला मनापासून वाटते. जाड बुडाच्या पातेल्यात तांदूळ आणि पाणी घेऊन झाकणासह पाच-सात मिनिटे चांगले उकळावे, मग झाकण न उघडता ते पातेले गोधडीने किंवा जुन्या ब्लँकेटने चहूबाजूंनी घट्ट गुंडाळून टोपलीत किंवा खोक्यात ठेवावे. पाऊण-एक तासात भात आपल्याच उष्णतेवर शिजतो, करपत नाही आणि त्याच्यापाशी उभे राहावे लागत नाही. येथे दोन पथ्ये आहेत. अन्न कोमट होऊन तासन्‌तास तसेच पडू देऊ नये, कारण त्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. आणि राजमा या रीतीने कधीही शिजवू नये. त्यात लेक्टिन नावाचे द्रव्य असते, ते खळखळ उकळल्याशिवाय निष्प्रभ होत नाही, आणि अर्धवट शिजलेला राजमा खाल्ल्यास उलट्या होतात.

आता भांड्यांकडे वळू. तांब्या-पितळेवर हवेमुळे जी काळसर पुटे चढतात, ती आंबटात विरघळतात. त्यासाठी नवी चिंच आणायचे कारण नाही. आमटीतून काढलेली आमसुले, पिळून झालेली लिंबाची साले, आंबट झालेले ताक, यांपैकी काहीही थोड्या मिठाबरोबर चोळले, की समई, ताम्हन, कलश उजळतात. नंतर भांडे लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडे पुसावे, नाहीतर ओलाव्याने ते पुन्हा काळवंडते. ज्या गुणामुळे आंबट पदार्थ पुटे काढतात, त्याच गुणामुळे ते तांबे अन्नातही उतरवतात, म्हणून कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात आमटी किंवा ताक ठेवू नये, आणि कल्हई असलेल्या भांड्याला आतून चिंच-मीठ घासून ती कल्हई घालवू नये. कल्हईवाले आता क्वचितच दारावर येतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

हाच आंबटपणा कुकरलाही उपयोगी पडतो. ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो तो बहुतेक जड, क्षारयुक्त पाण्यामुळे. तळाच्या पाण्यात लिंबाची एक फोड किंवा चिंचेचे एक बुटूक टाकले, की तो काळा पडत नाही. गिझरच्या किंवा पाणी तापवण्याच्या किटलीच्या आत जो पांढरा थर जमतो, तो पाण्यातल्या चुन्याचा असतो. किटलीत पाणी आणि चमचाभर सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडे मिळणारे लिंबाचे सत्त्व, घालून उकळी आणावी, तासभर तसेच ठेवावे आणि ओतून द्यावे. थर गेल्यावर पाणी लवकर तापते, म्हणजे वीजही वाचते.

परंतु जो पदार्थ चुन्याचा थर विरघळवतो, तो चुन्याचा दगडही विरघळवणार, हे उघड आहे. संगमरवर, शहाबादी फरशी आणि आपल्याकडच्या असंख्य ओट्यांना बसवलेला काळा कडप्पा हे तिन्ही चुनखडीच्याच जातीचे दगड आहेत. त्यांच्यावर व्हिनेगर किंवा लिंबू लावून चमक आणण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. कडप्प्यावर लिंबाचा रस सांडून राहिला तर पांढुरका डाग पडतो, आणि तो डाग म्हणजे वर चिकटलेला मळ नसून दगडाचा झिजलेला पृष्ठभाग असतो, त्यामुळे तो घासून निघत नाही. ओट्याला पातळ साबणाचे पाणी आणि कोरडे फडके पुरेसे आहे.

आंबट जे करू शकत नाही, ते सोडा करतो. तेलकटपणावर त्याचाच अंमल चालतो. जुन्या काळी चुलीतली राख आणि नारळाची शेंडी यांनी भांडी निघत, त्याचे कारण राखेत सोड्याच्याच जातीचा क्षार असतो आणि तेलाशी गाठ पडली की तो थोडाबहुत साबणच बनवतो. स्टीलच्या पातेल्यात दूध किंवा उसळ लागली असेल, तर बोटभर पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून दहा मिनिटे उकळावे. करपलेला थर सुटून येतो आणि तारेच्या घासणीने चरे पाडण्याची गरज उरत नाही. धुण्याचा सोडा याहून तीव्र असतो. तो ॲल्युमिनियमला कधीही लावू नये, कारण तो त्या धातूलाच खातो. लोकरी आणि रेशमी कपड्यांनाही तो वर्ज्य आहे. त्यांच्यासाठी रिठ्याचे पाणी सौम्य असते, आणि जड पाण्यात साबण जसा फुटून चिकट साका धरतो, तसा रिठा धरत नाही.

याच ठिकाणी एका लोकप्रिय गैरसमजाबद्दल बोलले पाहिजे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की मोठा फेस येतो, आणि तो पाहून आपल्याला वाटते की काहीतरी जबरदस्त सफाई चालली आहे. वस्तुतः दोघे एकमेकांना मारून टाकतात. उरते ते थोडेसे क्षारयुक्त पाणी आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. मोरी तुंबली असेल तर धुण्याचा सोडा आणि कडकडीत नव्हे, पण चांगले गरम पाणी घालावे, त्याने तुपातेलाचा साका सुटतो. आधी एक, मग धुऊन दुसरे, असे वापरल्यास दोन्हींचा उपयोग होतो.

हे मिश्रण निरुपयोगी असले तरी निरुपद्रवी आहे. जीवघेणे मिश्रण निराळे. कपड्यांचे किंवा फरशीचे ब्लीच आणि शौचकूप धुण्याचे ॲसिड एकत्र आले, की क्लोरिन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना गंभीर इजा करतो. अधिक स्वच्छतेच्या हौसेने दोन बाटल्या एकामागोमाग ओतणाऱ्या घरांची संख्या थोडी नसावी, म्हणून हे मुद्दाम सांगतो. घरात काम करायला येणाऱ्या मावशींनाही ते समजावून सांगणे ही आपली जबाबदारी आहे.

शेवटी साठवणीच्या धान्याविषयी. किड्यांना ऊब आणि ओलावा लागतो, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात गहू, डाळी वाळवण्यामागे हे दोन्ही हिशेब असतात: कडक उन्हात किडे मरतात आणि दाण्यातला ओलावा उडतो. मात्र उन्हातून काढलेले धान्य गरम असतानाच डब्यात भरू नये, कारण ते निवताना झाकणाखाली घाम धरते. रात्रभर पसरून गार होऊ द्यावे. तूरडाळीला एरंडेलाचा हलका हात लावला की किडे अंडी घालायला धजत नाहीत. फ्लॅटमध्ये ऊन मिळत नसेल तर रवा कोरडा भाजून ठेवावा, किंवा थोडे पीठ चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरावे, त्याने अंडीही मरतात. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची किंवा डब्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकण्याची पद्धत अजून अनेक घरांत आहे. ती बंद करावी. बोरिक पावडर धुऊन पूर्णपणे निघेलच याची खात्री देता येत नाही, आणि पारा अन्नाच्या आसपासही असू नये. ज्या घरात चारच माणसे आहेत, तिथे वर्षाचे धान्य भरण्याऐवजी तीन महिन्यांचे भरले, तर औषधाचा प्रश्नच बहुधा येत नाही.

नमस्कार.