पाईपच्या आतली हवा

(दृश्य : कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातली एक शेड. फळीवर स्टेनलेस पाईपचा तुकडा.)

हा सांधा बाहेरून बघा. खवल्याला खवला लागून बसलेला, हुपरीच्या चांदीवाल्यानंही हातात घेऊन फिरवावा असा. आता हाच पाईप उभा चिरलाय. आतली बाजू काळी, फुगलेली, खरखरीत. वेल्डिंगवाले याला शुगरिंग म्हणतात. गुऱ्हाळ बघितलेल्या माणसाला मात्र यात साखर दिसायची नाही. काहिलीच्या तळाला रस करपला की असा थर धरतो.

इथं करपलंय ते मुख्यतः क्रोमियम. स्टेनलेस स्टीलमध्ये ते किमान साडेदहा टक्के असतं, आणि त्याच्याच पातळ पापुद्र्यामुळं स्टील गंजत नाही. वेल्डिंगच्या टॉर्चमधून येणारा आरगॉन गॅस बाहेरची बाजू सांभाळतो. आत साधी हवा, म्हणजे जवळजवळ २१ टक्के ऑक्सिजन. आणि हा पाईप जाणार दुधाच्या लाइनीला. असल्या थरात दूध अडकलं की धुण्याचं कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवूनही सहजी निघत नाही.

म्हणून आधी आतली हवा हाकलायची आणि तिच्या जागी दुसरा गॅस भरायचा. हेच पर्जिंग. गॅस कुठला, याची चर्चा बहुतेक शेडमध्ये टाकीच्या भावापासून सुरू होते.

हवेत नायट्रोजन ७८ टक्के. आरगॉन एक टक्कासुद्धा नाही, ०.९३. हवेचा द्रव केला की त्यात आरगॉन उणे १८६ अंशांना उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ ला. तीन अंशांच्या फटीतून त्याला वेगळा काढायचा, मग तो महागच पडणार. ३०४ किंवा ३१६ या नंबरच्या स्टेनलेस पाईपला आतून नायट्रोजन चालतो, शुद्ध असला तर. तो थोडा धातूत मुरतो आणि सांध्यातलं फेराइट, म्हणजे तडे रोखणारी लोखंडाची एक रचना, घटवतो. फार घटलं तर सांधा गरम असतानाच तडकू शकतो. ड्युप्लेक्सला, म्हणजे जवळजवळ निम्मं फेराइट असलेल्या स्टीलला, उलट नायट्रोजन मानवतो. ३२१ नंबरच्या स्टीलला मात्र लावू नये. त्यात टायटॅनियम घातलेलं असतं ते कार्बनला धरून ठेवायला, आणि ते नायट्रोजनशीच संसार थाटून बसतं.

आरगॉनमध्ये दोन ते पाच टक्के हायड्रोजन असला तर तो उरलासुरला ऑक्सिजन गिळतो, सांधा लखलखीत निघतो. पण हे ३०४-३१६ च्या घराण्यापुरतं. ४१० किंवा ड्युप्लेक्समध्ये हाच हायड्रोजन तडे पाडू शकतो. कोपऱ्यात मिग मशीनची कार्बन डायऑक्साइडची टाकी आहे, ती कोपऱ्यातच बरी. आणि स्टील कुठलं याची खात्री नसली, तर भाव न बघता आरगॉन घ्यावा.

(दृश्य : पाईपच्या वरच्या भोकाशी लायटर. ज्योत विझते.)

"मिस्त्री, भरला गॅस. मारू काय?"

"थांब की गड्या. ऑक्सिजनचा मीटर लाव आधी."

ही लायटरची परीक्षा बऱ्याच ठिकाणी चालते, आणि तिथंच घात होतो. ऑक्सिजन सोळा टक्क्यांच्या आसपास उतरला की लायटर विझतो. सोळा टक्के म्हणजे दहा लाख भागांत १,६०,०००. आपल्याला पाहिजेत शंभराच्या आत. दुधाच्या लाइनीला पन्नासच्या आत आले तर उत्तम. मीटरवरचा आकडा उतरतोय. हजारांत आला, शेकड्यात आला, आणि आता रेंगाळतोय. पोरगं चुळबुळ करतंय.

मिस्त्रींनी नळी खालच्या तोंडाला लावलीय, कारण आरगॉन हवेच्या जवळजवळ दीडपट जड. तो तळाला बसतो आणि हवेला वर रेटतो. एखाद्या मोठ्या टाकीच्या आत माणूस उतरून काम करताना हाच गुण जिवावर बेततो: वास नाही, रंग नाही, माणूस गुदमरतोय हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

आता हिशेब बघा. दोन इंची, सहा मीटरचा पाईप घेतला तर आत मावतात अकरा लिटर. तेवढा गॅस पाच ते दहा वेळा बदलावा लागतो, म्हणजे एकशेदहा लिटरपर्यंत. सांध्याच्या दोन्ही बाजूंना फोमचे बोळे बसवून मधली फूटभर जागाच भरली, तर अर्धा लिटरच्या दहापटीत भागतं. टाकीचा भाव पाडून घेण्यात सकाळ घालवणाऱ्यांनी हे बोळे एकदा बसवून बघावेत.

(दृश्य : गॅस निसटू नये म्हणून सांध्यावर चिकटवलेली पट्टी बोटभर सोलली जाते. टॉर्च पेटतो.)

पट्टी एकदम काढायची नाही. जेवढं वेल्ड करायचं तेवढीच. सांध्याची शेवटची फट बुजवताना गॅस कमी करायचा आणि वरचं भोक मोकळं आहे ना ते बघायचं. नाहीतर आतला दाब वितळलेला धातू बाहेर ढकलतो आणि मुळाशी खळगा पडतो.

बोळे काढून मिस्त्री एक डोळा मिटून पाईपमध्ये बॅटरी मारतात. सांध्याच्या कडेला फिकट गव्हाळ रेघ. निळं नाही, काळं तर नाहीच.

"हं. दुसरा लाव."

पोरगं लायटर खिशात टाकतं आणि मीटरची नळी उचलतं.