रात्री दहाला खोली का तापते?

लॉज-होमस्टेवाल्या मंडळींनो, पाहुणा दिवसभर वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला पालथा घालून येतो आणि रात्री दहाला अंथरुणाला पाठ टेकतो. नेमकी तेव्हाच खोली भट्टी झालेली असते. दुपारी बाराला चावी दिली तेव्हा ती बरी होती. मग पाहुणा तक्रार करतो, तुम्ही रिमोट नेऊन देता, एसी अठरावर जातो आणि रात्रभर घरघरतो. म्हणजे उकाड्याची तक्रार मिटली की आवाजाची सुरू.

दोन्हींचं मूळ भिंतीत आणि स्लॅबमध्ये आहे. नऊ इंची विटेच्या भिंतीतून उष्णता आत यायला साधारण सहा-सात तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी चारला पडलेलं ऊन रात्री दहा-अकराला आतल्या गिलाव्यातून अंगावर येतं. पाच इंची स्लॅब त्याहून लवकर तापतो आणि मग बराच वेळ निवत नाही. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात पांढऱ्या मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती होत्या. ऊन आत पोचेपर्यंत दिवसच सरायचा. वर साणं, म्हणजे छतातला झरोका असायचा, त्यातून गरम हवा निघून जायची. पुन्हा माळवद घाला असं मी म्हणणार नाही, कारण दरसाल पावसाआधी वर माती टाकायला आज माणूस कुठून आणणार? पण ऊन आत येऊ द्यायचं नाही, ही त्यातली अक्कल घेता येते. ऊन अडवलं तर मशीन लहान लागतं, सावकाश फिरतं आणि आवाज आपोआप कमी होतो.

म्हणून पहिला खर्च छतावर करा. स्लॅबच्या भेगा बुजवा, पाण्याच्या नळीकडे शंभराला एक असा उतार द्या आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक बसवा. तेवढं बजेट नसेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये चुन्याचे दोन हात, एक उभा, एक आडवा. चुना पावसात धुऊन जातो, त्यामुळे तो दरवर्षी. आणि आपल्या काळ्या मातीची धूळ बसली की पांढरं छतही तापतं; उन्हाळ्यात महिन्यातून एकदा ते झाडून धुवा.

कृषी पर्यटनवाल्यांच्या पत्र्याच्या खोल्यांचं दुखणं वेगळं. पत्रा दुपारी तापतो, संध्याकाळी आकसताना टकटक वाजतो आणि पावसात तर बोलणंही ऐकू येत नाही. पत्र्याखाली सहा इंच मोकळी जागा सोडून सिमेंट बोर्डाचं सीलिंग करा आणि त्यावर दोन इंच रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) अंथरा. मोकळ्या जागेला दोन्ही टोकांना जाळी हवी. जाळी विसरली तर आधी उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. उसाचं पाचट वर टाकल्याने ऊनही अडतं आणि पावसाचा आवाजही मरतो, पण त्याला ठिणगी पुरते. स्वयंपाकघराजवळ ते नकोच.

आता कूलर. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर खरोखर काम करतो. बाहेर ४१ अंश आणि आर्द्रता १८ टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या पॅडमधून साधारण २६ अंशांची हवा मिळते. पहिला पाऊस पडला की हा खेळ संपला. मग कूलर नुसता दमटपणा वाढवतो.

हिशेब सोपा आहे. बारा बाय चौदा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे १६८० घनफूट. तिला दोन मिनिटांत एकदा पूर्ण नवी हवा हवी, म्हणजे मिनिटाला ८४० घनफूट. कूलरच्या खोक्यावर आकडा घनमीटर प्रति तासात असतो; त्या मापात हे साधारण १४३० होतात. पण १४३० चा कूलर घेऊन तो फुल स्पीडला पळवू नका. दुप्पट क्षमतेचा घ्या आणि निम्म्या वेगाने चालवा. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो, आणि दहा उतरले तरी कानाला निम्मा वाटतो. कूलर खिडकीच्या ग्रिलला टांगला की ग्रिल गुणगुणते, म्हणून त्याला जमिनीवर वेगळा स्टँड द्या आणि पायांखाली रबर घाला.

सगळ्यात जास्त चूक होते ती हवा बाहेर काढण्यात. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला तर अर्ध्या तासात चादर चिकट होते. समोरच्या बाजूला, उंचावर, दोनेक चौरस फुटांचा झरोका उघडा हवा, तोही मागच्या शांत बाजूला. पॅडवर कोरडे पट्टे दिसले तर बोअरच्या पाण्यातल्या क्षाराने पॅडवर पाणी सोडणारी भोकं बुजली आहेत असं समजा. त्या पट्ट्यातून गरम हवा सरळ आत येते. टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्याआधीच पाणी काढून टाकलं पाहिजे.

एसीबद्दल थोडक्यात. जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात. छत नीट असेल तर तेवढं पंख्याबरोबर पुरतं. बाहेरचं युनिट कोणाच्याच उशामागच्या भिंतीवर नको.

आवाज मुख्यतः फटीतून येतो. तीन बाय सात फुटांच्या दाराखाली पाऊण इंच फट म्हणजे दाराच्या एक टक्काही नाही. पण तेवढ्याने दार कितीही जाड असलं तरी ते वीस डेसिबलच्या फार वर आवाज अडवू शकत नाही. चाकांच्या बॅगांसाठी आपण उंबरा काढला आणि त्याबरोबर शांतताही घालवली. उंबरा नको तर दाराच्या तळाला रबरी पट्टी लावा, चौकटीला तिन्ही बाजूंनी फोम. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवून बाहेरचा आवाज थांबत नाही. झाडांच्या एका रांगेनेही नाही. कडुनिंब पश्चिमेला लावा, पण सावलीसाठी.

वीज गेली की जनरेटर. पेटीबंद जनरेटरचा आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत असू शकतो. अंतर दुप्पट झालं की साधारण सहा डेसिबल कमी होतात, म्हणजे ३२ मीटरवर ४५ उरतात. निवासी भागासाठी रात्रीची कायदेशीर मर्यादाही ४५ च आहे. जनरेटर तेवढा लांब, भिंतीआड ठेवा. रात्री पंख्यांपुरता इन्व्हर्टर असेल तर जनरेटर सुरू करायचीही गरज पडत नाही. साध्या पंख्याच्या ७५ वॅटऐवजी बीएलडीसी (ब्रशशिवायच्या मोटरचा) पंखा तीसेक वॅट घेतो.

शेजारच्या लॉनवरच्या डीजेला मात्र यातलं काहीच पुरत नाही. ढोलाचा खालचा सूर दारातून, खिडकीतून, स्लॅबमधूनही येतो. रात्री दहानंतर डीजे वाजवायला बंदी आहे, पण वरात थांबेपर्यंत पाहुणा जागाच राहतो. त्यामुळे बुकिंग घेतानाच पंचांगातल्या लग्नतिथी बघा आणि त्या रात्री रस्त्याकडच्या खोल्या शेवटी द्या.